पेठेतली आळी कशी वाचायची? पायरीपासून पन्हळीपर्यंत

आळीबोळ

पुण्याच्या पेठांवर इथे धागे पुष्कळ आहेत. बहुतेक देवळांवर, मिसळीवर, नाहीतर मारुतींच्या नावांवर. जिलब्या, भिकारदास, पत्र्या, डुल्या, सोन्या ही यादी आता सगळ्यांना पाठ आहे, ती इथे नको. हा धागा रोज समोर असूनही न दिसणाऱ्या वस्तूंसाठी आहे. एकच आळी घ्यायची, दोनशे पावलांची, आणि ती जमिनीपासून वर वाचत जायची. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, कुठलीही चालेल. लक्ष्मी रस्ता मात्र नको, तिथे माणसं सोडून काही दिसत नाही.

वेळ रविवार सकाळ, साडेसहा ते आठ. शटरं बंद असतात, गाड्या कमी, आणि तिरप्या उन्हात दगडावरची टाकीची (छिन्नीची) खूणही उठून दिसते. दहानंतर ऊन डोक्यावर आलं की तीच भिंत सपाट वाटते.

आळी दोनदा चालायची. जाताना नजर गुडघ्याच्या वर न्यायची नाही. येताना समोरच्या बाजूचे वरचे मजले बघायचे, कारण अरुंद बोळात आपल्याच बाजूचा सज्जा मान मोडली तरी दिसत नाही.

सुरुवात पायरीपासून. प्रत्येक जुन्या दाराशी थांबून पायऱ्या मोजा आणि सगळ्यात खालची पायरी वितेने मापा. पेठेतली घडीव दगडाची पायरी साधारण ६ ते ८ इंच उंच असते. वरच्या दोन पायऱ्या सात-सात इंचाच्या आणि खालची दोनच इंच दिसत असेल, तर उरलेली पाच इंच रस्त्याच्या पोटात आहे. तिच्याखाली आणखी एखादी अख्खी पायरी असू शकते.

असं का होतं? डांबराचा एक थर साधारण २५ ते ५० मिमी असतो. जुना थर खरवडून न काढता त्यावरच नवा टाकला की तेवढा रस्ता वर येतो. आठ वेळा असं झालं की ८ ते १६ इंच गेले, म्हणजे एक ते दोन पायऱ्या. घर खचलेलं नसतं, रस्ता चढलेला असतो.

पुढची खूण उंबरठ्याची. ज्या दारात विटांचा किंवा सिमेंटचा वीतभर बांध घातलेला दिसतो, तिथे रस्ता उंबरठ्याच्या बरोबरीला आलेला आहे आणि पावसाचं पाणी आत शिरतं. बांधावर बांध, असे दोन थर दिसले तर गोष्ट दोनदा घडली आहे.

पुढचं जाणकारांनी लिहावं. वाड्याचं बांधकाम, झाकणं, पाट्या, खांब, झाडं, काहीही चालेल. फक्त नेमकं लिहा.

सरमिसळ

मस्त धागा! पायऱ्या मोजायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एक शंका. कोरीव दरवाजा, महिरप, सुरूचे खांब दिसले की तो वाडा पेशवेकालीन समजायचा ना?

कडीपाट

@सरमिसळ, नाही. पेठेतली ही सगळ्यात मोठी फसगत आहे. आज उभे असलेले पुष्कळ वाडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, काही तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत. सुतार तेच, नमुने तेच, त्यामुळे कोरीवकामावरून काळ ठरत नाही. तो ठरवायला परगावाहून आलेला माल शोधा.

पहिली खूण बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कठडा. सज्जाला ओतीव बीडाची नक्षीदार जाळी असेल तर तो भाग बहुधा रेल्वेनंतरचा. पुण्याला रेल्वे १८५८ मध्ये आली आणि बोरघाटाची चढण १८६३ मध्ये पुरी झाल्यावर मुंबईहून सलग गाडी सुरू झाली. त्याआधी एवढं वजन घाट चढवून आणणं परवडत नव्हतं.

दुसरी खूण मंगळुरी कौल. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. त्याआधीची छपरं नळीच्या कौलांची किंवा धाब्याची. पण सावध राहा. कौल ही बदलायची वस्तू आहे. जुन्या वाड्यावर नवी कौलं चढतात, पाडलेल्या वाड्याची जुनी कौलं दुसरीकडे जातात. कौलावरून छपराची दुरुस्ती कळते, वाड्याचं वय नाही. कुठे कौलं उतरवून रचून ठेवलेली दिसली तर एक उलटं करून बघा, कारखान्याचं नाव आणि गाव उठावात असतं.

तिसरी खूण गर्डर. सज्जाच्या पोटाशी लोखंडी आय-आकाराची तुळई आणि दोन तुळयांमध्ये विटांची बसकी कमान दिसली तर ती जॅक आर्च. गंज फार नसेल तर तुळईच्या उभ्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव वाचता येतं. डॉर्मन लाँग हे इंग्लंडचं नाव बऱ्याचदा सापडतं. 'टाटा' असेल तर ती १९१२ च्या आधीची असणं अवघड, कारण जमशेदपूरच्या पोलादाची सुरुवातच तेव्हाची.

आता भिंत. पेठेतल्या वाड्याची रचना खालून वर हलकी होत जाते. जोतं घडीव काळ्या दगडाचं, तळमजला दगड किंवा भाजक्या विटा, वरचे मजले सागवानी सांगाडा आणि मध्ये पातळ विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे. भार लाकूड घेतं, भिंत नुसती पडदा. म्हणून गिलावा निघालेल्या ठिकाणी विटांच्या मधे उभा लाकडी खांब दिसला तर दचकू नका, तो मूळचाच आहे.

दर्शनी भागाचे खांब मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. सहा खांब असतील तर पाच खणी. जुन्या भाडेचिठ्ठ्यांत जागा खणांवरच मोजलेली असते, 'दोन खणी जागा' वगैरे. दर्शनी भागाचा एखादाच खण वेगळ्या विटांचा, वेगळ्या खिडकीचा दिसला तर तिथे वाटणी झाली आहे असं समजायला हरकत नाही. भावांची भांडणं पेठेत भिंतीवर वाचता येतात.

सरमिसळ

हे शेवटचं भारीच. पण मग पायरी गाडली गेल्याने वाड्याचं नुकसान काय होतं? बांध घातला की झालं.

कडीपाट

नुसता बांध घालून भागत नाही ना. खरं दुखणं तिथेच सुरू होतं.

सागवानी खांब थेट जमिनीत रोवलेला नसतो, तो तळखड्यावर उभा असतो. तळखडा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. लाकडाला जमिनीची ओल लागू नये हेच त्याचं काम. रस्ता वर आला की ओट्याची फरशीही वर घेतात, नवा कोबा घालतात आणि तळखडा त्यात बुडतो. मग लाकडाचं बूड थेट ओलीत. बाहेरून रंग छान दिसतो, पण खालच्या वीतभर भागावर नाणं आपटलं तर बद्द आवाज येतो. (परवानगी घेऊनच आपटा.)

भिंतीत ओल वर चढते आणि लोणा लागतो. पांढरट, मिठासारखी रेघ बघा. जमिनीपासून हातभर उंचीवर असेल तर नेहमीची गोष्ट. कंबरेच्या वर असेल तर खाली बहुतेक सिमेंटचा गिलावा केलेला असतो. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडून सुकते. त्यावर सिमेंट थापलं की तिला बाहेर पडायला वाट नाही, मग ती सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तिथे फुटते. घरमालक आणखी वर सिमेंट लावतो, ओल आणखी वर. काही भिंतींवर सिमेंटच्या दोन-तीन पट्ट्या एकावर एक दिसतात, प्रत्येकीच्या डोक्यावर लोण्याची रेघ.

आणि टेकू. पावसाळ्याच्या तोंडावर सज्जाखाली बल्ल्या किंवा लोखंडी टेकू लागलेले दिसतात. टेकू कशावर उभा आहे ते बघा. जाड फळी किंवा दगडी पाटा असेल तर ठीक. थेट पेव्हर ब्लॉकवर असेल तर तो ब्लॉकसकट खाली बसतो आणि वर फट पडते. वरच्या टोकाला ठोकलेली लाकडी पाचर सैल होऊन लोंबत असेल तर टेकू नावालाच आहे, त्या सज्जाखाली फोटोला उभं राहू नका. पालिकेच्या नोटिशीवर सी-१ असेल तर इमारत अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ दिसलं की समोरच्या बाजूने चाला.

चेंबरवाले

पायऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे, त्याला खालून जोड देतो. रस्ता चढला की चेंबरची झाकणं वर उचलावी लागतात. घराची पायरी कोणी उचलत नाही.

झाकणाभोवती काँक्रीटचं ताजं कडं दिसलं तर ते नुकतंच उचललेलं आहे. झाकण खड्ड्यात राहिलं असेल तर त्याच्यावर चढलेल्या डांबराची जाडी तिथेच मोजता येते. पेन घ्या, झाकणावर उभं धरा, रस्त्याच्या पातळीला बोट लावा. कडेला डांबराचे वेगळे थर दिसत असतील तर तेही मोजा, केकच्या कापासारखे असतात.

झाकणावरची अक्षरं वाचा. काँक्रीटच्या झाकणांवर एलडी २.५, एमडी १०, एचडी २० किंवा ईएचडी ३५ असं असतं, म्हणजे अनुक्रमे हलक्या, मध्यम, जड आणि अतिजड भारासाठी. आकडा टनांत. एलडी बंगल्याच्या आवारासाठी किंवा पायवाटेसाठी. गाड्यांच्या रस्त्यावर एचडीच्या खालचं बसवू नये. आळीतलं झाकण कोपऱ्यातून फुटून आतली सळई दिसत असेल तर आधी आकडा बघा, निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं. उरलेल्या वेळा चौकट नीट बसवलेली नसते. झाकण डुगडुगतं, प्रत्येक चाकाला आपटतं आणि कडा झिजते. रात्री 'धप्प-धप्प' आवाज येतो तो याचाच.

बीडाची झाकणं कमी का झाली? भंगारात किंमत येते म्हणून चोरीला जातात. काँक्रीटचं कोणी नेत नाही.

आळी काँक्रीटची असेल तर आडवे सरळ कापलेले खाचे बघा. काँक्रीट सुकताना आकसतं, ते कुठे तडकावं हे ठरवून देण्यासाठी त्याला पहिल्या दिवसातच साधारण पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत कापतात. तडा खाच्यातच राहिला तर काम वेळेवर झालं. तडा खाच्याशेजारून वेडावाकडा गेला असेल तर कापायला उशीर झाला.

पेव्हर ब्लॉकचं थोडक्यात. पायी चालायला ६० मिमी, गाड्या जाणार असतील तर ८० मिमी. उखडून रचून ठेवलेला ब्लॉक सापडला की जाडी बघा. पाय ठेवल्यावर पचकन पाणी उडतं तिथे खालची वाळू वाहून गेलेली असते. बहुधा केबलसाठी खणून, न धुमसता तसेच परत मांडलेले ब्लॉक. पट्टा सरळ असतो, डोळ्यांनी धरत गेलात तर केबल कुठून कुठे गेली तेही कळतं.

आळीबोळ

@चेंबरवाले, हेच हवं होतं. फूटपाथवरच्या त्या पिवळ्या फरश्यांचंही लिहा ना.

चेंबरवाले

अंधांसाठीच्या मार्गदर्शक फरश्या. उभ्या रेघा म्हणजे 'चालत राहा', गोल ठिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे': वळण, उतार, रस्ता ओलांडायची जागा. नियम इतका सोपा असून चुकवलेला इतक्या ठिकाणी दिसतो की मोजायला घेतलं तर आळी संपत नाही. रेघांचा पट्टा सरळ विजेच्या खांबात घुसतो. वळणावर ठिपक्यांऐवजी रेघाच. फरशी फुटली म्हणून मधे साधी बसवली. आणि ठिपके निव्वळ शोभेसाठी अख्ख्या फूटपाथभर. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, त्यातून काही कळतच नाही.

फूटपाथची उंची रस्त्यापासून १५० मिमीपेक्षा जास्त नसावी आणि मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक आहे. पेठेत १.८ मीटर? असो.

वळणदार

पाट्यांबद्दल. 'पुणेरी पाट्या' नव्हेत, दुकानाच्या आणि दारावरच्या.

जुनी पाटी वाचताना मजकुराआधी आकडे बघा. 'पुणे ३०' किंवा 'पुणे २' एवढंच असेल तर ती पद्धत पिनकोडच्या आधीची. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, मग पुणे ३० चं झालं ४११०३०. पण सवय पुढे कितीतरी वर्षं टिकली, त्यामुळे नुसत्या यावरून निकाल देऊ नका. फोन नंबर जोडीला घ्या. पाच किंवा सहा आकडी नंबर जुना, सात आकडी त्यानंतरचा, २ ने सुरू होणारा आठ आकडी त्याहून अलीकडचा. एसटीडी कोड ०२१२ असेल तर पाटी मागच्या शतकातली, नंतर तो ०२० झाला. इंग्रजी पाटीवर 'पूना' हे स्पेलिंग असेल तर साधारण १९७८ च्या आधीची. काही दुकानं मुद्दाम जुनं स्पेलिंग ठेवतात, तिथे फोन नंबर खरं बोलतो. रंगारी पाटी नवी करताना नंबर बदलतो, बाकीचं तसंच गिरवतो. म्हणून नंबराच्या मागे जुन्या आकड्यांची पुसट सावली दिसते का ते तिरप्या उन्हात बघा.

मग अक्षर. मराठी 'ल' आणि 'श' दोन्ही आपल्या वळणाचे आहेत का? हाताने रंगवलेल्या पाट्यांवर ते हटकून असतात. संगणकावर छापलेल्या फ्लेक्सवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा 'ल' येतो, कारण फाँट तसा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची प्रमाण वळणं ठरवून दिली, त्यात आपलेच 'ल' आणि 'श' आहेत. पण फ्लेक्सवाला फाँट बघतो, शासन निर्णय नाही.

रंगवलेलं अक्षर आणि छापलेलं अक्षर लांबून ओळखायची सोपी युक्ती: एकाच पाटीवरचे दोन 'र' शोधा. हुबेहूब सारखे असतील तर छापील. जरासा फरक असेल, विशेषतः शेपटीच्या जाडीत, तर हाताचे.

सरमिसळ

आणि घरांचे नंबर? ५१२ च्या शेजारी ५१३ का नसतो? पार्सलवाले रडतात.

वळणदार

कारण ते रस्त्याचे नंबर नाहीत, पेठेचे आहेत. मोजणी करताना मोजणीदार बोळात शिरून, वळून, परत येत गेला आणि त्या क्रमाने आकडे पडले. त्यात वाटणी झाली की अ, ब किंवा /१, /२ अशी शेपटं लागतात. शिवाय एकाच दारावर दोन आकडे असतात, एक जुना घर क्रमांक आणि दुसरा सि. स. नं., म्हणजे सिटी सर्व्हे नंबर. मालमत्ता पत्रकावर दुसरा चालतो, पोस्टमनच्या डोक्यात पहिला. पार्सलवाल्याला देवळाची खूण सांगा, तेच बरं.

गिरणगाव_लोकल

मुंबईकराने नाक खुपसतोय, पण चढणाऱ्या रस्त्याचा सगळ्यात ठळक पुरावा आमच्याकडे आहे. इंग्रजांच्या काळात फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजून दगड रोवले होते, रोमन आकड्यांचे. कॅथेड्रल १७१८ चं. काळबादेवीपासून दादरकडे हे दगड विखुरलेले आहेत. कित्येकांचा बहुतेक भाग रस्ता आणि फूटपाथच्या पोटात गेला होता, नुसतं डोकं आणि आकडा वर. लोक बसायचा दगड म्हणून वापरत होते. अलीकडे महापालिकेने त्यातले काही खणून, साफ करून पुन्हा उभे केले, तेव्हा पूर्ण उंची दिसली.

ट्रामचंही तसंच. मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. रूळ बऱ्याच ठिकाणी उपटलेच नाहीत, वरून डांबर टाकलं. हुतात्मा चौकाजवळ खणताना ते सापडले.

कडीपाट

@गिरणगाव_लोकल, नाक खुपसल्याबद्दल आभार. पुण्यात ट्राम नव्हती, पण पेठांत जमिनीखाली त्याहून जुनं काम आहे. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे येणारा नळ, नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, १७५० च्या सुमाराचा. नळ म्हणतात, पण आहे दगडी-विटांचा बांधीव बोगदा. त्याचं पाणी पेठांतल्या हौदांत पडायचं. मधे मधे उच्छ्वास आहेत, म्हणजे उंच चौकोनी बांधकाम. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी, दाब कमी व्हावा आणि गाळ खाली बसावा यासाठी. रस्त्याकडेला दगड-विटांचा, दार नसलेला, कशाचाच नाही असा मनोरा दिसला तर तो देवळाचा अवशेष समजून पुढे जाऊ नका.

हौद बघताना काठाची उंची बघा. माणसाने उभ्याने घागर बुडवावी अशा उंचीचा काठ आज गुडघ्याला लागत असेल तर पुन्हा तीच पायरीची गोष्ट. आणि हौद कोणाला खुला होता हेही विचारा. महात्मा फुल्यांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मुलगी काशीबाई हिच्या आठवणीत बांधलेला बाहुलीचा हौदही सगळ्या जातींना खुला होता. बाकीच्या बहुतेक हौदांना ते लागू नव्हतं.

फ्यूज_उडाला

मान वर करायची वेळ आली. गल्लीच्या तोंडाशी डीपी असतो, ट्रान्सफॉर्मर. जाळीच्या बाहेरूनच बघा, हात आत घालू नका, फोटोसाठी सेल्फी स्टिक तर अजिबात नको.

टाकीवर धातूची पाटी असते. त्यावर केव्हीए, म्हणजे क्षमता (१००, २००, ३१५, ६३०), ११००० / ४३३ व्होल्ट आणि बनवल्याचं वर्ष. बाजूला काचेची किंवा प्लास्टिकची बरणी लोंबते, तो ब्रीदर. आत सिलिका जेलचे दाणे. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल तापलं की फुगतं, निवलं की आकसतं, तेव्हा हवा या बरणीतून आत-बाहेर होते आणि दाणे तिच्यातली ओल शोषतात. नेहमीच्या प्रकारात दाणे निळे असतील तर कोरडे, गुलाबी झाले तर भरले. सगळी बरणी गुलाबी म्हणजे बदलायला झाली. पावसाळ्यात आळीगणिक रंग बघत जा. कुठल्या डीपीकडे कोणाचं लक्ष आहे ते रस्त्यावरून कळतं.

पिंपळपार

भिंतीतली झाडं राहिली. पेठेत जमिनीपेक्षा भिंतीवर जास्त झाडं आहेत म्हणा ना! वड, पिंपळ, उंबर. पक्षी फळं खातात, बी विष्ठेतून पन्हळीच्या सांध्यात किंवा कौलाखाली पडतं. तिथे ओल असते, बी रुजतं. म्हणून वर पिंपळ दिसला की त्याच्या वर किंवा बाजूला गळकी पन्हळ किंवा फुटका पाइप शोधा, तो सापडतोच.

दोन-चार पानांचं रोप मुळासकट उपटता येतं. अंगठ्याएवढं खोड झालं की मूळ चुन्याच्या सांध्यात शिरलेलं असतं. मग वरून कापून उपयोग नाही, खुंटाला चौपट फांद्या फुटतात. भिंतीवर एकाच जागी कापल्याच्या तीन-चार जुन्या खुणा आणि त्यातून नवा झुपका दिसला तर दरवर्षी वरवर छाटणी चालली आहे. त्याच्या खालच्या भिंतीला उभा तडा आहे का बघा. ओढायला जाऊ नका, मुळासकट दगड येतो.

सज्जाच्या पोटाशी पिसं-गवताचे चिकटवलेले गोळे एकमेकांना लागून असतील तर ती पाकोळीची घरटी. लाळेने चिकटवलेली. खाली फरशीवर पांढरे ठिपके दिसले की वर बघायचं.

तांब्यापितळ

सगळे डोळ्यांवरच थांबलेत. कसब्यात तांबट आळीत शिरताना आधी कान लावा. मठारण्याचा ठोका पत्रे बडवण्यासारखा नसतो, एकसारखा आणि हलका असतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने शेजारी-शेजारी खळगे पाडत जातात, त्याला मठार म्हणतात. शोभा हा दुसरा फायदा. पहिला म्हणजे ठोक्याने तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडं चेपत नाही. फार कडक झालं तर ठोकताना चिरतं, म्हणून मधे मधे तापवून नरम करावं लागतं.

दुकानात मांडलेल्या भांड्यावर हाताचा मठार ओळखायचा तर ओळी डोळ्यांनी धरा. हाताच्या ओळी गळ्याशी जवळ येतात, पोटाशी फाकतात, खळगे एकमेकांवर किंचित चढतात. साच्यातून दाबलेले खळगे सगळीकडे एकाच मापाचे.

सरमिसळ

@आळीबोळ, सकाळी आळी केली. अकरा दारं, तीन बांध, एका ठिकाणी उंबरठा रस्त्याच्याही खाली. पण कसब्यात एका बाजूला पायऱ्या पाच आणि समोर एक. समोरचा एवढा गाडला गेला?

आळीबोळ

नाही. कसब्याची जुनी वस्ती उंचवट्यावर आहे, त्यामुळे आळ्यांना उतार आहे. उताराकडच्या घराचं जोतं मुळातच उंच बांधलेलं, चढाकडच्याचं बसकं. म्हणून पायऱ्यांची संख्या नका तोलू, फक्त खालच्या पायरीची उरलेली उंची तोला. नारायण किंवा शनिवार पेठेत नदीच्या अंगाला गेलात तर आणखी एक घोळ आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. तिथे दगडी जोतं जुनं आणि वरची इमारत साठच्या दशकातली, असं बेमेळ जोडकाम दिसतं. जोत्याच्या दगडांची रेघ आणि वरच्या भिंतीची रेघ एका ओळीत नसली की तेच समजा.

सरमिसळ

ठीक. शेवटची शंका. खाली अजून किती पायऱ्या आहेत, हे खणल्याशिवाय कसं कळणार?

कडीपाट

दोन वाटा आहेत. दिंडी दरवाजा उघडा असेल तर 'कोणी आहे का?' विचारून आत जा आणि चौकातली, म्हणजे वाड्याच्या आतल्या अंगणातली, फरशी बघा. चौक सहसा कोणी उंच करत नाही, कारण तिथलं पाणी जुन्याच मोरीने बाहेर जातं. रस्त्यावरून चौकात जाताना आता उतरावं लागत असेल, तर जेवढं उतरलात साधारण तेवढा तरी रस्ता वर आला आहे.

चेंबरवाले

दुसरी वाट माझी. केबलवाले खणतात तेव्हा जा. दाराच्या जवळून चर गेला असेल तर त्याच्या उभ्या भिंतीत सगळा हिशेब असतो. वरून डांबराचे काळे थर, मोजून घ्या. मग बारीक खडी, मोठी खडी, मुरूम. त्याखाली कधी जुन्या फरसबंदीचे दगड, आणि त्याच पातळीला वाड्याच्या गाडलेल्या पायरीची कड. मापायला बारीक टेप न्या, चराच्या काठावर भार देऊन वाकू नका, कड ढासळते. आणि उशीर करू नका. काम सकाळी सुरू झालं तर चर बऱ्याचदा त्याच रात्री बुजवतात, वरून एक नवा थर टाकून.